दीर्घ दुखणे आणि समदुःख्यांची सोबत

शिक्रापूर हे नाव इतिहासाच्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. १८१७ सालच्या शेवटच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली कंपनी सरकारची पलटण दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावापाशी भीमेच्या काठी येऊन ठेपली, ती ह्याच मुलखातून चालत गेली. पुढील दोन शतकांत ह्या गावावरून जाणारे लोक बहुधा दुसरीकडेच जावयास निघालेले असत. पुण्याहून नगरला जाणारा रस्ता आणि चाकणकडून येणारा रस्ता येथे एकत्र येतात, रांजणगाव व सणसवाडी येथील कारखान्यांच्या मालमोटारी चौकात खोळंबतात, आणि ज्यास मोठ्या दुखण्याने गाठले आहे अशा मनुष्यासही येथूनच बाहेर पडावे लागते. पुणे येथून सुमारे ४० किलोमीटर. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ‘परळला जा’ असे सांगितले, तर त्यापुढे आणखी दीडशे. हा प्रवास एकदा करणे तितकेसे कठीण नाही. जमीन गहाण टाकून, सोयऱ्याधायऱ्यांकडून हातउसने घेऊन, घरातील एखाद्या तरुणास पुढे घालून मनुष्य एकदा जाऊन येतोच. परंतु कर्करोगाच्या उपचारास हल्ली जे स्वरूप आले आहे त्यात हा प्रवास महिन्या-दोन महिन्यांनी, दोन वर्षे, पाच वर्षे, कित्येकांस तर जन्मभर करावा लागतो. असा मनुष्य उपचारात टिकून कसा राहतो, आणि मध्येच त्याचे पाऊल मागे वळू लागले असता त्यास कोण थोपवून धरतो, ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

कर्करोगाचा उपचार दीर्घ झाला ही गोष्ट अलीकडची होय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. लेडी मेहेरबाई टाटा ह्या १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी हेही पुढल्याच वर्षी निवर्तले. आणि त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. त्या काळी वैद्यांच्या हाती मुख्यतः दोनच शस्त्रे होती, एक चाकू आणि दुसरे किरण. शस्त्रक्रिया एका दिवसाची, किरणोपचार काही आठवड्यांचा. पुढे रोगी बरा होई किंवा मरे. त्याने ‘उपचार अर्ध्यावर सोडला’ असे म्हणण्याचा प्रसंग फारसा येत नसे. दैवदुर्विलास असा की, ज्या रोगाने मेहेरबाईंचा अंत झाला त्यावर ह्या दोन्ही शस्त्रांची मात्रा फारशी चालत नव्हती. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांस औषध देऊन तो रोग काही काळ मागे हटवून दाखविला, तेव्हा तिसऱ्या शस्त्राची चाहूल लागली, आणि ह्या तिसऱ्या शस्त्राबरोबरच काळ हा पदार्थ उपचारात शिरला. मुलांच्या रक्तकर्करोगावरील औषधयोजना दोन-अडीच वर्षे चालते. स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या वर्गात शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे घ्यावयाची असा परिपाठ पडला होता. २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीने ती दहा वर्षे घेतल्यास अधिक लाभ होतो असे दाखविले. आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नावाच्या रक्तकर्करोगावर २००१ मध्ये इमॅटिनिब ही जी गोळी अमेरिकेत मान्य झाली, ती रोज घ्यावयाची व बहुतेकांनी जन्मभर घ्यावयाची असे ठरले.

ह्या शेवटच्या गोळीची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिच्यापूर्वी हा रोग जडलेल्या मनुष्याचे आयुष्य थोड्या वर्षांचे असे. अस्थिमज्जेचे रोपण हा एकच कायमचा उपाय, आणि तो फार थोड्यांना साधे. गोळी आली आणि तिने ह्या रोगास मधुमेहाच्या पंक्तीला आणून बसविले. औषध घेत राहा आणि जगत राहा, इतकी साधी अट. जिवावर बेतलेले असता ही अट कोण मोडील, असे कोणासही वाटेल. पण बेल्जमच्या वैद्यांनी २००९ मध्ये मोजदाद केली तेव्हा सांगितलेली प्रत्येक गोळी घेणारे रोगी शेकडा पंधरासुद्धा भरले नाहीत. मद्रासच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेने पाचशेहून अधिक रोग्यांची नोंद तपासून २०११ मध्ये असे प्रसिद्ध केले की, सुमारे शेकडा ३० रोगी औषधात खंड पाडतात आणि त्या खंडाची किंमत त्यांस रोग उलटण्याच्या रूपाने द्यावी लागते.

ह्यास आपण सुशिक्षित लोक चटकन ‘अज्ञान’ असे नाव देऊन मोकळे होतो. मला ते नाव पटत नाही. कारण बेल्जममध्ये शाळांची काही वाण नाही. जोवर दुखते तोवर मनुष्य औषध घेतो, हा जगाचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे प्रकार उलटा असतो. रोग दिसत नाही, तो केवळ रक्ताच्या तपासणीच्या कागदावर असतो. आणि औषध मात्र पदोपदी जाणवते. डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी मळमळते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईस अंगातून वाफा निघाल्यासारखे होते आणि ते कोणाजवळ बोलावे हे तिला कळत नाही. शेतावरच्या बाया हसतील, घरातील पुरुषांना सांगता येत नाही, आणि डॉक्टरांपाशी पोहोचेपर्यंत आपली पाळी तीन मिनिटांत आटोपणार हे ठाऊक असते. बरे वाटत असता बरे न वाटण्याचे औषध वर्षानुवर्षे घेत राहावयाचे, ही मागणी मनुष्यस्वभावास मोठी कठीण आहे. पैसा, रजा, सुगीचे दिवस, एस. टी. चुकणे ही कारणे तिच्यावर आणखी चढतात.

ह्या अडचणीशी वैद्यकाची पहिली गाठ कर्करोगात पडली नाही. ती क्षयात पडली. १९०५ च्या जुलै महिन्यात बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टराने गरीब क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ सुरू केला. क्षयावर औषध असे त्या वेळी नव्हतेच. पूर्ण विश्रांती, भरपूर अन्न आणि उघडी हवा हा सारा उपचार, आणि तो डोंगरावरच्या आरोग्यधामात महिनोन् महिने घ्यावयाचा. ज्यांस हे परवडत नव्हते त्यांनी चाळीत राहूनच तो कसा घ्यावा, असा प्रॅटपुढे प्रश्न होता. एका चर्चने पैसा पुरविला. रोग्यांनी गच्चीवर वा अंगणात तंबू ठोकून निजावयाचे, आपला ताप, खाणे आणि विश्रांती रोजच्या रोज वहीत टिपावयाची, आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी एका खोलीत जमावयाचे. तेथे प्रत्येकाचे वजन होई, वह्या तपासल्या जात, आणि ज्याचे वजन वाढले असेल त्याचे नाव सर्वांसमक्ष सांगितले जाई. मधल्या दिवसांत एक परिचारिका घरोघर फिरे. आरंभी प्रॅटचा हेतू अगदी व्यवहारी होता. वीस माणसांस तीच गोष्ट वीस वेळा सांगण्यापेक्षा एकदा सांगावी, इतकाच. परंतु हळूहळू त्याच्या लक्षात असे आले की, लोक त्याच्या व्याख्यानासाठी येत नाहीत, ते एकमेकांसाठी येतात. निरनिराळ्या वंशांची व धर्मांची ती माणसे एका दुखण्याने एका बाकावर आणून बसविली होती, आणि सहा महिने तंबूत काढलेला मनुष्य नव्या मनुष्यास जे सांगे ते प्रॅटला सांगता येत नव्हते. एवंच, समूहाने उपचार करण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम एका काटकसरीत आहे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आपल्याकडे ही सोबत आरोग्यधामांच्या व्हरांड्यात आपोआप घडे. पाचगणीस डॉ. बिलीमोरियांनी १९१२ मध्ये काढलेले ‘बेल एअर’ आणि मिरजेनजीकचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम ही नावे मागच्या पिढीत घरोघर माहीत होती. ओळीने मांडलेल्या खाटा, समोर झाडी, आणि शेजारच्या खाटेवर आपल्याहून चार महिने जुना रोगी. त्या जागी कंटाळा होता, मृत्यूही होता. पण एकटेपणा नव्हता. पुढे क्षयावर खरी औषधे आली आणि १९५६ मध्ये मद्रासेस एक प्रयोग सुरू झाला, ज्याचे महत्त्व साऱ्या जगाने मान्य केले. काही रोग्यांस आरोग्यधामात ठेवून, तर काहींस त्यांच्या दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरांतच ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तो असा की, घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यापासून घरच्यांस अधिक बाधाही झाली नाही. डोंगरावरील खाटांचे राज्य त्या दिवशी संपले असे म्हणावयास हरकत नाही. गरिबांवर तो मोठाच उपकार झाला. पण त्याच प्रयोगात काम करणारे वॉलेस फॉक्स ह्यांच्या ध्यानात दुसरीही एक गोष्ट आली होती. घरी दिलेल्या गोळ्या पोटात जातातच असे नाही. ते पाहण्यासाठी अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजण्याचा व मूत्र तपासण्याचा उद्योग संशोधकांस करावा लागला.

माझ्या मते ह्या विषयाच्या इतिहासातील खरा वळणाचा बिंदू येथेच आहे. औषध जसजसे सुधारले तसतसा रोगी रुग्णालयातून सुटून घरी गेला, आणि घरी जाताना शेजारची खाट मागे राहिली. ती जागा कशाने भरावयाची, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा राज्यकर्त्यांस व वैद्यांस सुचला तो राखणदार. भारतात १९९७ पासून देशभर पसरत गेलेल्या क्षयनिवारणाच्या पद्धतीत रोग्याने कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळावयाची असे. त्या पद्धतीने असंख्य प्राण वाचविले, हे कोणी नाकारू नये. परंतु राखणदाराची आणि सोबत्याची जात वेगळी आहे. गोळी गिळली की राखणदाराचे काम संपते. ती गिळून झाल्यावर जी मळमळ होते तिच्याशी त्याचा संबंध नसतो. शिवाय सहा महिने पहारा ठेवता येईल. दहा वर्षे कोण कोणावर ठेवणार? आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांवर कोणी पहारेकरी नसतो. पहिल्यांदा वारीस आलेला मनुष्य दिवेघाटात थकतो, त्याच्या पायाला फोड येतात, आणि त्या फोडाचे काय करावयाचे हे त्याला दिंडीतील जुना वारकरी दाखवितो. एवढ्यावर तो पंढरपूर गाठतो.

कर्करोगाच्या प्रांतात ह्या सोबतीची जाणीव प्रथम रोग्यांनाच झाली. न्यूयॉर्कच्या टेरीस लासर ह्या बाईंवर १९५२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढे हात कसा उचलावा, कपडे कसे करावे, नवऱ्याशी काय बोलावे, ह्यांपैकी कशाचेही उत्तर आपल्यास कोणी देत नाही असे पाहून त्यांनी स्वतःच अशा शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या खाटांपाशी जावयास आरंभ केला. शल्यवैद्यांपैकी पुष्कळांस हा आगंतुकपणा रुचला नाही. तरी त्यांच्या ‘रीच टु रिकव्हरी’ ह्या उपक्रमास १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या पदराखाली घेतले. तेथे एक नियम मात्र कडक ठेवला होता. भेटीस जाणाऱ्या बाईने वैद्यकीय सल्ला द्यावयाचा नाही. मुंबईस डॉ. जस्सावाला व नवल टाटा ह्यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. आणि स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता ह्यांनी १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ ही संस्था काढून, रोगातून बाहेर पडलेली माणसे टाटा रुग्णालयातील रोग्यांच्या शेजारी नेऊन बसविली.

तथापि ह्या संस्था निघण्याच्या पुष्कळ आधीपासून महाराष्ट्रास ह्या सोबतीची एक स्वतःची संस्था ठाऊक होती, आणि तिच्याकडे आपल्या विद्वानांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ती म्हणजे धर्मशाळा. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी ज्या धर्मशाळा बांधविल्या त्या यात्रेकरूंसाठी होत्या. महाराज १९५६ मध्ये गेले. त्यांच्या नावाने चाललेल्या मिशनच्या दादर येथील धर्मशाळेत आज जे उतरतात ते यात्रेकरूच, पण परळच्या वाटेवरचे. परळास १९६८ पासून काम करणारी नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस ह्यांच्या स्मरणार्थ चालणारे घर, ही त्याच जातीची. बाहेरगावच्या रोग्यास मुंबईत स्वस्तात डोके टेकावयास जागा द्यावी, इतकाच ह्या ठिकाणांचा जाहीर हेतू असतो. प्रॅटच्या काटकसरीइतकाच तो साधा. पण अमरावतीचा, रत्नागिरीचा आणि बिहारचाही रोगी एका भिंतीला पाठ लावून महिना-दोन महिने राहिला म्हणजे जे घडते ते हेतूपेक्षा मोठे असते. तोंड सोलून निघाले असता पेज किती पातळ करावी. सकाळी कोणत्या खिडकीपुढे आधी उभे राहावे. कोणता कागद हरवला तर सारा दिवस फुकट जातो. केस गेल्यावर ते परत येतात का, आणि आले तर तसेच येतात का. तिसऱ्या किमोनंतर जो थकवा येतो तो मरणाचा की औषधाचा. ह्या शेवटच्या प्रश्नास वैद्याचे उत्तर आणि सहा किमो होऊन गेलेल्या बाईचे उत्तर शब्दशः एकच असेल. पण नव्या रोग्यास दुसरे उत्तर खरे वाटते, कारण उत्तर देणारी बाई समोर बसून भाजी निवडत असते.

मुलांच्या बाबतीत तर धर्मशाळा ही औषधाचाच भाग ठरली आहे. रक्तकर्करोगाच्या कित्येक मुलांचा उपचार आईबाप अर्ध्यावर सोडून गावी परतत. मुलास ताप नाही, ते खेळू लागले आहे, गावी पेरणी खोळंबली आहे आणि मुंबईत राहावयास जागा नाही, अशा स्थितीत दुसरे काय होणार? हे पाहून २००६ मध्ये मुंबईस सेंट ज्यूड इंडिया ह्या नावाची निवासस्थाने सुरू झाली. तेथे प्रत्येक कुटुंबास आपली जागा विनामूल्य मिळते. स्वयंपाकघर मात्र सामाईक असते. ह्या सामाईक स्वयंपाकघराची कल्पना ज्यास सुचली त्यास मनुष्यस्वभाव चांगला कळला असला पाहिजे. कोणत्या घरचे मूल आज जेवले नाही हे तेथे लपून राहत नाही, आणि गाठोडे बांधू लागलेल्या आईला थांबविणारी दुसरी आई चार हातांवर असते. उपचार संपलेली मुले वाढून मोठी झाली म्हणजे त्यांचेही असेच उपयोगी पडते. टाटा रुग्णालयात अशा मुलांवर पुढे लक्ष ठेवण्यासाठी १९९१ पासून स्वतंत्र विभाग चालतो, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने ह्या तरुणांनी ‘उगम’ नावाचा आपला संघ काढला आहे. टक्कल पडलेल्या आठ वर्षांच्या मुलापुढे भरघोस केसांचा पंचविशीतला तरुण उभा राहून ‘मीही ह्याच वॉर्डात होतो’ म्हणाला, तर त्यापुढे आणखी व्याख्यानाची गरज राहत नाही.

परंतु जो रोगी धर्मशाळेत राहतच नाही, ज्याचे सारे औषध एका गोळीत आटोपले आहे आणि जो महिन्याची पुडी घेऊन शिक्रापूरला परत येतो, त्याचे काय? येथे पुन्हा इमॅटिनिबची गोष्ट येते. ह्या गोळीच्या किमतीचा वाद वाचकांस आठवत असेल. मूळ कंपनीची गोळी महिन्यास सुमारे १ लाख २० हजार रुपयांस पडे, देशी कंपन्यांची ८ ते १० हजारांत मिळे. आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. तो निकाल योग्यच होता असे मी मानतो. त्या गाजलेल्या वादाच्या आड एक लहान गोष्ट मात्र झाकली गेली. तीच कंपनी २००२ पासून हजारो भारतीय रोग्यांस ही गोळी विनामूल्य देत होती, आणि ती पोहोचविण्याचे काम मॅक्स फाउंडेशन ही संस्था करीत होती. मॅक्स हा अर्जेंटिनाचा मुलगा. तो ह्याच रोगाने १९९१ मध्ये, सतरा वर्षांचा असता वारला, आणि १९९७ मध्ये त्याच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत ही संस्था काढली. फुकट मिळणारी गोळीही माणसे चुकवितात, हे संस्थेच्या लोकांस लवकरच दिसून आले असल्यास नवल नाही. भारतातील रोग्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ ह्या नावाने आपला संघ बांधला, आणि मुंबईसारख्या शहरांत त्यांच्या बैठका भरू लागल्या. तेथे पंधरा वर्षे गोळी घेत असलेला मनुष्य नुकतीच सुरू केलेल्या मनुष्याशेजारी बसतो. एरवी एकमेकांची ओळख होण्याचे काहीही कारण नसलेली माणसे, शेतकरी, कारकून, दुकानदार, गृहिणी, ‘तुमचा रिपोर्ट काय आला?’ ह्या एका प्रश्नावर एकमेकांशी बोलू लागतात. धर्मशाळेतील ती भिंत येथे महिन्यातून एका दुपारपुरती उभी राहते, असे म्हटले तरी चालेल.

ह्या सोबतीची स्तुती करताना तिच्या पदरी नसलेले गुण बांधू नयेत. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल ह्या अमेरिकन मानसवैद्याने असे प्रसिद्ध केले की, स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्यास एकत्र बसून बोलत त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, आणि इतर १८.९ महिने. ह्या आकड्यांनी मोठी खळबळ उडाली. नुसत्या बोलण्याने आयुष्य दुप्पट होते असे वर्तमानपत्रांनी छापावे आणि लोकांनी मानावे, हे साहजिकच होते. परंतु कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला गेला व २००१ मध्ये त्याचा निकाल आला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मन हलके झाल्याचे आणि वेदना कमी जाणवल्याचे मात्र दिसले. सोबत ही औषध नव्हे. तिचे काम औषधाच्या वाटेवर मनुष्यास उभे ठेवण्याचे, आणि औषधच निकामी असेल तर तिचाही नाइलाज आहे.

उलट तिच्यात एक धोका आहे. समदुःख्याचे बोलणे खरे वाटते हाच तिचा गुण, आणि तोच तिचा दोष. ‘मी अमक्या गावच्या झाडपाल्याने बरा झालो, तुम्हीही गोळ्या सोडा’ असे एखाद्याने त्याच भिंतीला टेकून सांगितले, तर तेही तितकेच खरे वाटते. आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आल्यापासून हे बोलणे धर्मशाळेच्या भिंतीत राहिलेले नाही. नागपूरच्या रोग्याचा आवाज शिक्रापूरच्या रोग्यास रात्री अकरा वाजता ऐकू येतो, ही केवढी सोय! दुपारी बैठकीस जाणे न जमणाऱ्या बाईस तर ती वरदानच म्हटली पाहिजे. परंतु त्याच वाटेने गोमूत्राचे, हळदीचे आणि साखर सोडण्याचे संदेशही येतात. इमॅटिनिबच्या बाबतीत ही गल्लत विशेष नाजूक आहे, कारण गोळी थांबविणे सर्वस्वी चूकच आहे असेही आता म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये रोगाचा मागमूसही दोन वर्षे न सापडलेल्या शंभर रोग्यांची गोळी वैद्यांनी मुद्दाम बंद करून पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सुमारे शेकडा ४० जणांत वर्षभर रोग परतला नाही. पण ज्यांचा परतला त्यांस तो वारंवारच्या तपासणीत लगेच सापडला व गोळी पुन्हा सुरू झाली. शिक्रापुरात कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद केली, तर त्याच्या मागे ती तपासणी नसते. लासरबाईंच्या संस्थेचा तो जुना नियम, सोबत द्या पण सल्ला देऊ नका, ह्यामुळेच मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी अडचण आपल्या घराघरांतील आहे. ज्या रोगाचे नाव उच्चारावयाचे नाही त्याचा समदुःखी सापडणार कोठे? ‘गाठ आहे’, ‘रक्त कमी आहे’, ‘मोठ्या डॉक्टरांकडे दाखवितो आहोत’, असे म्हणत कित्येक घरे वर्षे काढतात. मुलीच्या लग्नात अडथळा येईल ही भीती त्यात असते, आणि ती अगदीच निराधार असते असे नाही. पुष्कळदा तर रोग्यासच त्याच्या रोगाचे नाव सांगितलेले नसते. घरच्यांस ती माया वाटते; पण ज्यास आपण कशासाठी गोळी घेतो हेच ठाऊक नाही तो ती पाच वर्षे का घेईल? ह्या बाबतीत ह्याच जिल्ह्यातील एका पुढाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडले आहे. शरद पवार ह्यांस २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. त्यांनी तो झाकला नाही, आणि तंबाखू-सुपारी सोडा असे ते पुढे सभांतून सांगत आले. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकांचे काहीही मत असो, गावच्या पारावर ते नाव उघड उच्चारण्यास त्यामुळे थोडी मोकळीक झाली, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात ह्या पद्धतीचा सर्वांत यशस्वी नमुना दुसऱ्या एका दीर्घ दुखण्याच्या बाबतीत पाहावयास मिळतो. दारूच्या व्यसनातून सुटलेल्या मनुष्यानेच दुसऱ्यास सोडवावयाचे, हे तत्त्व अमेरिकेत १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या संघाने घातले, पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू करून त्यास मराठी रूप दिले. येरवड्याचे हे केंद्र शिक्रापूरकराच्या पुण्यास जाण्याच्या वाटेवरच पडते. तेथून व्यसनमुक्त होऊन बाहेर पडलेली माणसेच तेथे पुढे समुपदेशक झाली, आणि बरा झालेला मनुष्य गावी एकटा पडू नये म्हणून पाठपुराव्याच्या बैठका गावोगाव नेण्यात आल्या. डॉ. अनिता अवचट स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. त्या दुखण्यातही त्यांनी हे काम सोडले नाही, आणि १९९७ मध्ये त्या गेल्या. दारू पुन्हा न पिणे आणि गोळी रोज घेणे ह्या दोन गोष्टी वरवर पाहता परस्परविरुद्ध वाटतात. पण आजचा दिवस, आणि मग उद्याचा, असे मोजत जावयाचे हे दोहोंतही सारखेच.

पैशाची बाजू पूर्वीइतकी निराशेची राहिलेली नाही. राज्य सरकारची २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा फुले ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना कर्करोगाच्या कित्येक उपचारांचा खर्च सोसते. भिंतीला पाठ लावून बसलेल्या शेजाऱ्याची तरतूद मात्र कोणत्याही योजनेच्या यादीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ती करावयास फार काही लागेल असे मला वाटत नाही. प्रॅटच्या वर्गास एक खोली, एक वजनकाटा, काही वह्या आणि घरोघर फिरणारी एक परिचारिका इतकेच लागले होते. शिक्रापुरास ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत, आणि कोणाच्या घरी कोणती गोळी चालू आहे हे त्यांस बहुधा माहीतही असते. बाजाराच्या दिवशी दुपारी तेथील एखादी खोली तासभर मोकळी करून दिली, तर बाजाराचे निमित्त सांगून बाया येऊ शकतील आणि घराबाहेर पडण्याचे खरे कारण कोणास कळणार नाही. पहिल्या महिन्यात तीनच जणी आल्या तरी चालेल. बोस्टनच्या वर्गातही प्रॅट एका वेळी पंचविसांहून अधिक माणसे घेत नसे.